सात लाखांनी स्वस्त मिळतेय, पण का?

पत्र: "नमस्कार. मी कारेलीबागला राहतो, मकरपुरा जीआयडीसीत माझं छोटं युनिट आहे. मोठ्या गाडीची हौस बरीच जुनी. बायकोच्या मामांच्या ओळखीत एक २०१७ ची ऑडी क्यू७ डिझेल विकायला आहे, जीजे ०६ पासिंग, सेकंड ओनर, ८४ हजार किलोमीटर, एअर सस्पेन्शनवाली. मागतायत १९ लाख. तशाच गाड्या ऑनलाइन २५-२६ ला दिसतात. आतून एकदम चकाचक आहे, मॅटिंग नवीन, सीट कव्हर नवीन. सर्व्हिस जुलै २०२४ पर्यंत शोरूमला झालीय, नंतर बाहेरच्या गॅरेजला. माझं रनिंग म्हणजे रोज घर ते फॅक्टरी, जाऊन-येऊन वीसेक किलोमीटर, महिन्यातून एखाद वेळेस अहमदाबाद किंवा पुणे. बायको म्हणते इनोव्हा घे. या गाड्यांना काय काय बिघडतं आणि खर्च किती येतो ते सांगाल का? मामांना शनिवारपर्यंत कळवायचंय."

उत्तर:

भाऊ, काय बिघडतं ते सगळं सांगतो, पण पत्र वाचताना मला आधी खटकली ती तारीख. शोरूमचं रेकॉर्ड जुलै २०२४ ला थांबतं. ऑगस्ट २०२४ मध्ये आपल्या बडोद्यात काय झालं ते कारेलीबागच्या माणसाला मी काय सांगणार. जन्माष्टमीला तो पाऊस, वरून आजव्याच्या धरणाचं पाणी, विश्वामित्रीची धोक्याची खूण २५ फुटांवर आणि नदी गेली ३५ च्या वर, लोकांच्या अंगणात मगरी आल्या आणि बेसमेंटच्या पार्किंगमध्ये गाड्या छतापर्यंत पाण्यात. त्यात महागड्या गाड्या काही कमी नव्हत्या. आता जुलैपर्यंत नेमाने शोरूमला जाणारी गाडी ऑगस्टनंतर एकदम बाहेरच्या गॅरेजला जायला लागते, आतलं मॅटिंग नवीन होतं, सीट कव्हर नवीन होतात आणि भाव सात लाखांनी कमी, हे सगळं एकाच गाडीत असेल तर मी तरी आधी पाण्याचाच संशय घेईन.

योगायोग असू शकतो हे मान्य. वॉरंटी संपली की बरेच लोक शोरूम सोडतात, बिलं बघून कोणीही सोडेल. पण तपासल्याशिवाय एक रुपया टोकन द्यायचं नाही, मामा असोत की मामांचे मामा.

बुडालेली गाडी परत बाजारात येते कशी ते समजून घ्या. रिपेअरचा खर्च आयडीव्हीच्या, म्हणजे विम्यात धरलेल्या गाडीच्या किमतीच्या, ७५ टक्क्यांच्या वर गेला की विमा कंपनी टोटल लॉस धरते. या गाड्यांमध्ये वायरिंग आणि मॉड्यूलं, म्हणजे गाडीतले छोटे छोटे कॉम्प्युटर, धरली तर तो आकडा गाठायला वेळ लागत नाही, इंजिनला हात लावायच्या आधीच गाठतो. मालकाला पैसे मिळतात, गाडी लिलावात जाते, घेणारा ती उघडतो, वाळवतो, लागेल तेवढेच पार्ट टाकतो, आतून नवं कापड मारतो आणि विकतो. यात बेकायदेशीर काही असेलच असं नाही, फक्त तुम्हाला सांगितलं जात नाही. आणि खरा लोचा नंतर सुरू होतो, कारण पुराचं पाणी म्हणजे गाळ आणि गटाराचं पाणी, ते कनेक्टरच्या पिनांत बसतं आणि महिनोन्महिने हळूहळू खात राहतं. गाडी आज मस्त चालते, सहा महिन्यांनी एक दिवस डॅशबोर्डवर सगळे दिवे लागतात, आणि मग मेकॅनिक वायर शोधत बसतो आणि तुम्ही त्याचे तास मोजत बसता. क्यू७ ची तर बॅटरीच पुढच्या सीटखाली असते, म्हणजे केबिनमध्ये घोट्याएवढं पाणी आलं तरी सुरुवात तिथूनच. बीएमडब्ल्यू एक्स५ मध्ये बॅटरी मागे डिकीत खाली असते, तिथे तोच प्रकार मागून होतो.

तपासायचं कसं? सगळे सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, अगदी टोकापर्यंत, गाळाची रेघ तिथे राहते कारण तिथलं धुवायचं कोणी लक्षातच घेत नाही. पुढची सीट मागे-पुढे सरकवून खालचे रेल आणि बोल्ट टॉर्चने बघा, ८४ हजार चाललेल्या गाडीच्या केबिनमध्ये बोल्ट गंजायला काही कारण नाही. स्टेपनी काढून खालचा खड्डा बघा. नवं मॅटिंग एका कोपऱ्यातून उचलायला सांगा, नाही म्हणाले तर विषय तिथेच संपला. हेडलाइटच्या आत बाष्प किंवा मातीची पुसट रेघ दिसते का बघा. आणि एसी बंद, काचा बंद करून दहा मिनिटं आत बसा, फ्रेशनर लावलेलं असेल तर ते आधी काढून ठेवायला लावा.

दुसरं म्हणजे चॅसिस नंबर घ्या आणि शोरूमला जाऊन हिस्टरी काढायला सांगा, शेवटचं जॉबकार्ड कधीचं आणि कशाचं होतं ते. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२४ मध्ये टो होऊन आली, एस्टिमेट बनलं आणि काम न करता परत गेली अशी नोंद निघाली तर पुढचं वाचूच नका. मालकाकडून २०२३ पासूनच्या सगळ्या पॉलिसी मागा. त्यात नो क्लेम बोनस एकदम शून्य झालेला दिसला तर कसला क्लेम होता ते विचारा. वाहन पोर्टलवर लोन, चलान, ब्लॅकलिस्ट वगैरे दिसेल, ते पाच मिनिटांचं काम आहे. आणि 'सेकंड ओनर' लिहिलंय, तर गाडी या दुसऱ्या मालकाच्या नावावर कधी झाली ती तारीख आरसीवरून बघा, २०२४ च्या शेवटी झाली असेल तर काय समजायचं ते तुम्हाला कळेलच.

समजा गाडी या सगळ्यातून पास झाली. आता तुमचा मूळ प्रश्न.

ही गाडी नवी असताना सत्तर लाखांच्या वरची होती. आज ती १९ ला आली, पण तिचे पार्ट १९ लाखांच्या गाडीचे झाले नाहीत, ते अजून सत्तर लाखांच्याच गाडीचे आहेत. हत्ती स्वस्तात मिळाला म्हणून तो कमी खात नाही. लोक चुकतात ते इथेच, ईएमआय बसतो का ते बघतात आणि पुढचं कोणी बघतच नाही. खाली जे आकडे देतोय ते ढोबळ आहेत, ब्रँड, शहर आणि ओरिजिनल की बाहेरचा पार्ट यावर खूप फरक पडतो, कोटेशन आजचं घ्या. सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांच्या सगळ्या पार्टवर जीएसटी १८ टक्के झालाय, आधी बऱ्याच पार्टवर २८ होता, तेवढाच दिलासा.

एअर सस्पेन्शन घ्या आधी, कारण या सगळ्या गाड्यांचं हेच पहिलं दुखणं, क्यू७ असो, मर्सिडीज जीएलई असो की रेंज रोव्हर. स्प्रिंगच्या जागी रबराचे हवेचे फुगे असतात, आठ-दहा वर्षांत रबराला बारीक चिरा जातात, हवा गळते, मग ती भरायला कॉम्प्रेसर सारखा चालतो आणि चालून चालून तोही जळतो. म्हणून नुसता कॉम्प्रेसर बदलून दिला की तीन-चार महिन्यांत परत तेच, मुळातली गळती तशीच असते ना. पुढचा एक फुगा शॉकॲब्जॉर्बरसकट ओरिजिनल घेतला तर लाख-सव्वा लाखाच्या घरात, बाहेरचा चांगल्या कंपनीचा पन्नास-साठ हजार, कॉम्प्रेसर बाहेरचा चाळीस ते साठ, ओरिजिनल त्याच्या जवळपास दुप्पट. तपासणी मात्र फुकट आहे. आदल्या रात्री गाडी सपाट जागेवर लावून चारही चाकांच्या वरची उंची टेपने मोजायची, सकाळी परत मोजायची, एक कोपरा बसलेला दिसला की समजायचं. मालकाला सांगा गाडी रात्रभर माझ्याकडे राहू दे, ओळखीतली आहे ना, मग ओळखीचा एवढा तरी फायदा व्हावा.

इंजिन तसं दणकट आहे, ३ लिटर व्ही६, ऑइल वेळेवर बदललं तर दोन लाख किलोमीटर काही होत नाही. पण त्याची टायमिंग चेन पुढच्या बाजूला नाहीये, मागे गिअरबॉक्सच्या बाजूला आहे, म्हणजे चेनला हात लावायचा तर गिअरबॉक्स किंवा पूर्ण इंजिन खाली उतरवावं लागतं. चेन आणि तिला ताणून धरणारा टेन्शनर काही जगावेगळे महाग नाहीत, मजुरी मारते, सगळं मिळून दोन ते चार लाख कुठेही जातात. बीएमडब्ल्यूच्या त्या काळातल्या ३ लिटर डिझेललाही चेन मागेच, मर्सिडीजच्या व्ही६ ला दुसरी गंमत, ऑइल कूलरचं सील इंजिनच्या व्हीच्या मध्ये खोल बसवलंय, रबराची छोटीशी रिंग बदलायला वरचं अर्धं इंजिन उघडायचं. म्हणून गाडी बघायला जाल तेव्हा आधी बॉनेटला हात लावा. गरम लागलं तर चहा प्या, परत या, संध्याकाळी नाहीतर दुसऱ्या दिवशी. थंड इंजिन स्टार्ट करताना पहिल्या दोन-तीन सेकंदांत साखळीसारखा खडखडाट आला तर तो चेनचा, आणि विकणारा गाडी आधीच गरम करून ठेवत असेल तर त्याला हे तुमच्या आधीपासून माहीत आहे.

गिअरबॉक्स ८ स्पीडचा, झेडएफ कंपनीचा. गाडीवाले सांगतात ऑइल लाइफटाइम आहे, बदलायची गरज नाही, आणि ज्यांनी तो गिअरबॉक्स बनवला ते झेडएफवाले सांगतात ८० हजार ते एक लाख वीस हजार किलोमीटरच्या दरम्यान किंवा आठ वर्षांत बदला. मी बनवणाऱ्याचं ऐकेन. ८४ हजारावर हे झालेलं नसणार, तीस ते पन्नास हजार त्याचे धरून ठेवा. बदलून गाडी चांगली चालत असेल तर ठीक, पण आत्ताच पहिल्या-दुसऱ्या गिअरला झटका बसत असेल किंवा रिव्हर्स टाकल्यावर गाडी विचार करत थांबत असेल तर ऑइल बदलून भागेल या आशेवर राहू नका.

आता डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, आणि इथे तुमची गाडी नाही, तुमचं रनिंग चुकीचं आहे. डिझेलची काजळी एका फिल्टरमध्ये साठते आणि ती जाळायला गाडीला सलग पंधरा-वीस मिनिटं हायवेचा स्पीड लागतो. तुम्ही कारेलीबागहून मकरपुऱ्याला जाणार, मध्ये दहा सिग्नल, गाडी गरम होतेय तोवर फॅक्टरी आली. फिल्टर भरत जातो, दिवा लागतो, गाडी ताकद कमी करते. वर अर्धवट जळण्याच्या प्रयत्नात डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं, डिस्कव्हरी स्पोर्टच्या २ लिटर डिझेलवाल्यांनी हे भरपूर भोगलंय. साफ करून घ्यायला पंधरा-तीस हजार, नवा टाकायचा तर काही लाख. कोणी 'फिल्टर काढून टाकतो आणि सॉफ्टवेअर मारतो' म्हटलं तर नको, पीयूसीचा आणि पुढे विकताना त्रास तुमच्या डोक्यावर. गाडी घेतलीतच तर दर आठवड्याला एकदा एक्सप्रेस वेवर काढायची, आणंदपर्यंत जाऊन परत यायचं, ते डिझेल पण खर्चातच धरा.

बाकीचं भराभर सांगतो. १९-२० इंची टायर एकेक वीस ते तीस हजार, चार म्हणजे लाख. पुढचे डिस्क आणि पॅड मिळून पन्नास ते नव्वद. बॅटरी पंचवीस-तीस आणि ती टाकल्यावर कॉम्प्युटरला सांगावी लागते, नुसती बदलून चालत नाही. एलईडी हेडलाइट एक फुटला तर दीड-दोन लाखांच्या पुढे, म्हणून मांडवीच्या गल्लीत घालायची नाही. सनरूफच्या पाण्याच्या नळ्या पानं-धुळीने तुंबतात आणि पाणी छतातून आत येतं, साफ करायला काही खर्च नाही, न केल्यास भरपूर. डॅशबोर्डमधून वर येणारी स्क्रीन कधी कधी अर्ध्यात अडकते, ते हसण्यावारी न्या. वर्षाची साधी सर्व्हिस शोरूमला तीस ते पन्नास, चांगल्या बाहेरच्या गॅरेजला वीसेक.

आणि 'चांगलं बाहेरचं गॅरेज' म्हणजे ज्याच्याकडे त्या ब्रँडचा स्कॅनर आहे ते, ऑडीला ओडिस किंवा व्हीसीडीएस, बीएमडब्ल्यूला इस्टा, मर्सिडीजला झेंट्री. दोन हजारांचं ब्लूटूथवालं यंत्र लावून "सब ओके है साहेब" म्हणणारा नव्हे. घेण्याआधीची तपासणी पण अशाच ठिकाणी, विकणाऱ्याच्या ओळखीच्या जागी नाही, पाच-दहा हजार लागले तर द्या. किलोमीटरचा आकडा फक्त मीटरमध्ये नसतो, इतर मॉड्यूलमध्येही नोंदी असतात, मीटर मागे केलेला असेल तर तिथे जुळत नाही. तसंच एकाच वेळी दहा-बारा मॉड्यूलांमध्ये कमी व्होल्टेज आणि कम्युनिकेशनचे जुने एरर निघाले तर पुन्हा पाण्याकडे बोट जातं. स्कॅन करायच्या आधी कोणी सगळे एरर पुसून ठेवले असतील तर तेही अनुभवी माणसाला कळतं, म्हणून स्कॅननंतर पन्नासेक किलोमीटर चालवून परत स्कॅन करा. पावागढला घेऊन जा, माचीपर्यंत चढवा, चढावर गिअर, टर्बो आणि कूलिंग तिन्हीची परीक्षा होते, येताना दर्शन.

विम्याचं एक बघून घ्या. इतक्या जुन्या गाडीला झिरो डेप, म्हणजे पार्टची घसारा न कापता पूर्ण किंमत देणारा विमा, बहुतेक मिळत नाही. झिरो डेप नसेल तर पाच ते दहा वर्षांच्या गाडीत मेटल पार्टचे ४० टक्के आणि रबर-प्लास्टिकचे ५० टक्के तुमच्या खिशातून, आणि या गाडीचं पुढचं सगळं तोंड प्लास्टिकचंच आहे. इंजिन प्रोटेक्शन मिळालं तर सोडू नका, पाण्यात इंजिन बंद पडल्यावर परत स्टार्टर मारला की आत गेलेलं पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतात, आणि साध्या पॉलिसीत ते बसत नाही असं सांगून क्लेम नाकारतात. बडोद्यात राहून हे ॲड-ऑन न घेणं म्हणजे कमाल आहे.

तर हिशोब असा. डिझेल आणि विमा सोडून वर्षाला दीड ते दोन लाख मेंटेनन्स हे मी नॉर्मल धरतो, एखाद्या वर्षी पन्नास हजारांत भागेल आणि एखाद्या वर्षी चार लाख जातील. शिवाय घेतल्या दिवशीच चार-पाच लाख वेगळे एफडीत टाकून ठेवायचे, फॅक्टरीच्या सीसी (कॅश क्रेडिट) खात्यातून काढू असं म्हणायचं नाही. ते पैसे आज हातात नसतील तर तुमचं बजेट १९ लाखांच्या गाडीचं नाहीये, १४ लाखांच्या गाडीचं आहे.

माझं मत विचाराल तर, ही गाडी घेऊ नका. पाण्यातून निघाली नसेल तरी तुमच्या रोजच्या वीस किलोमीटरला ३ लिटर डिझेल शोभत नाही. हौस मोठ्या गाडीचीच असेल, आणि हौसेला नाव ठेवणारा मी कोण, तर त्याच पैशात थोडी लहान पण पेट्रोलची बघा, ऑडी क्यू५ किंवा क्यू३, बीएमडब्ल्यू एक्स१, साधी स्टीलची स्प्रिंग असलेली, पूर्ण शोरूम रेकॉर्डवाली आणि शक्यतो कंपनीची वाढीव वॉरंटी अजून चालू असलेली. आणि दर महिन्याला सहा-सात माणसं घेऊन पुण्याला जाणं होत असेल तर वहिनींची इनोव्हा बरोबर आहे, ती पाच वर्षांनी विकायला काढलीत तर संध्याकाळपर्यंत गिऱ्हाईक दारात असेल, क्यू७ ला तुमच्यासारखा हौशी शोधावा लागेल.

मामांना नाही कसं म्हणायचं हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीये पण पत्रात दिसतोय. सरळ नाही म्हणू नका. त्यांच्यामार्फत मालकाकडे तीन गोष्टी मागा, चॅसिस नंबर, २०२४ ची पॉलिसी आणि गाडी एक रात्र तुमच्याकडे. द्यायला खळखळ केली तर मामांनाच कळेल, तुम्हाला वाईट व्हायला नको. आणि तिन्ही गोष्टी हसत हसत दिल्या, सगळं स्वच्छ निघालं, तरी हौस काही केल्या जात नसेल, तर शनिवारची घाई सोडा आणि गिअरबॉक्स ऑइल, टायर, बॅटरी यांचे पैसे कापून १७ पासून बोलायला सुरुवात करा. व्यवहार ठरला तर फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेऊन दर्जीपुऱ्याच्या आरटीओला ट्रान्सफर टाकेपर्यंत पूर्ण पैसे द्यायचे नाहीत, आणि दोन्ही चाव्या हातात घ्यायच्या, दुसरी चावी 'घरी कुठेतरी आहे' असं म्हणाले तर नव्या चावीचे आणि कोडिंगचे पैसे पण कापायचे.